लाखात एक पेशी शोधायची कशी? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात लस घेतल्यावर किंवा व्हायरस होऊन गेल्यावर रक्तात ज्या स्मृती पेशी उरतात त्यांच्याबद्दल लिहिलं होतं, त्यावर खूप प्रश्न आले आणि बहुतेकांना हेच जाणून घ्यायचंय की या पेशी इतक्या कमी असतात तर त्या सापडतात कशा, आणि सापडल्या असं कोणी म्हटलं तर त्यावर विश्वास कितपत ठेवायचा. हा विश्वासाचा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो म्हणून त्याच्या उत्तराला आज जास्त जागा दिलीये.

प्रश्न: माझ्या सीबीसी रिपोर्टमध्ये लिम्फोसाइट ३२ टक्के आलेत, नॉर्मल रेंजमध्ये आहेत. म्हणजे व्हायरसशी लढणाऱ्या पेशी पुरेशा आहेत असं समजायचं का?

नाही, तसं समजता येत नाही. सीबीसी फक्त एकूण लिम्फोसाइट किती ते सांगतं, त्यातली कुठली पेशी कुठल्या व्हायरससाठी आहे ते त्यात कळत नाही. मायक्रोस्कोपखाली बघितलं तरी सगळ्या सारख्याच दिसतात, गोल, मोठं केंद्रक, बाजूने पातळ कडा. फरक असतो तो पृष्ठभागावरच्या रिसेप्टरमध्ये, म्हणजे ओळखून धरणाऱ्या प्रोटीनमध्ये, आणि प्रत्येक टी सेलचा (व्हायरसशी लढणाऱ्या लिम्फोसाइटचा एक प्रकार) रिसेप्टर ती पेशी थायमसमध्ये घडताना जीन्सचे तुकडे उलटसुलट जोडून बनलेला असतो. त्यामुळे एका माणसाच्या शरीरात असे लाखो-कोटी वेगवेगळे रिसेप्टर फिरत असतात आणि त्यातले अगदी थोडे एखाद्या ठराविक व्हायरसच्या ठराविक तुकड्याला चिकटतात.

आकडा सांगते म्हणजे अंदाज येईल. जो व्हायरस तुम्हाला कधीच झाला नाही त्याचा एखादा तुकडा ओळखणारी पेशी साधारण लाखात एक ते दहा लाखांत एक इतकी विरळ असते. होऊन गेला असेल तर ती वाढून हजारात एक किंवा दहा हजारांत एक अशी मिळते. आजार अंगात ऐन भरात असताना मात्र चित्र पूर्ण बदलू शकतं. एप्स्टीन-बार व्हायरसच्या ताज्या आजारात व्हायरसच्या एकाच तुकड्याला ओळखणाऱ्या पेशी काही पेशंटमध्ये सगळ्या सीडी८ पेशींच्या (व्हायरस शिरलेल्या पेशी मारणाऱ्या टी सेल) ४० टक्क्यांच्या वर गेलेल्या मोजल्यात, हे १९९८ साली प्रसिद्ध झालं तेव्हा या क्षेत्रातल्या लोकांनाही धक्का होता, कारण त्याआधीच्या पद्धतीत पेशी कल्चरमध्ये, म्हणजे लॅबमधल्या पोषक द्रवात, वाढवून मग मोजायचे आणि ऐन लढाईतल्या बऱ्याच पेशी कल्चरमध्ये मरूनच जायच्या, त्यामुळे आकडा कितीतरी कमी यायचा.

प्रश्न: मग सगळ्या सारख्या दिसतात तर नेमकी तीच पेशी वेगळी कशी ओळखतात?

दोन वाटा आहेत. पेशी कशाला चिकटते ते बघायचं, किंवा पेशी काय करते ते बघायचं.

पहिली वाट टेट्रामरची. टी सेल अख्खा व्हायरस ओळखत नाही, ती व्हायरसच्या प्रोटीनचा छोटासा तुकडा, म्हणजे पेप्टाइड, ओळखते आणि तेही तो तुकडा आपल्याच शरीराच्या एचएलए नावाच्या प्रोटीनमध्ये बसवून समोर धरला तरच. आपल्याच शरीराच्या प्रोटीनची ही अट रॉल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांनी १९७४ मध्ये उंदरांवर दाखवली आणि १९९६ चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. मग साधा विचार असा की एचएलए आणि पेप्टाइडची जोडी लॅबमध्ये बनवा, तिला चमकणारा रंग लावा आणि रक्तात घाला. पण ही पकड फार सैल असते, एकटी जोडी चिकटते आणि सुटून जाते. म्हणून अशा चार जोड्या एकत्र बांधतात, मधे स्ट्रेप्टॅव्हिडिन नावाचं प्रोटीन असतं ज्याला बायोटिन धरायच्या चार जागा असतात, आणि प्रत्येक जोडीला आधीच बायोटिन लावलेलं असतं. चारही बाजूंनी धरलं की सुटत नाही. हा टेट्रामर १९९६ मध्ये जॉन ऑल्टमन, मार्क डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या रक्तात वापरून दाखवला, एचआयव्ही झालेल्या पेशंटच्या रक्तात. याचा मोठा फायदा म्हणजे पेशीला काही करायला लावावं लागत नाही, ती गप्प बसलेली असली तरी सापडते, अगदी कधी व्हायरस न बघितलेली कोरी पेशीसुद्धा.

दुसरी वाट म्हणजे गर्दीत नावाने हाक मारायची आणि कोण वळून बघतं ते टिपायचं. रक्तातून पेशी वेगळ्या काढतात, त्यांच्यावर व्हायरसच्या प्रोटीनचे तुकडे घालतात, इन्क्युबेटरमध्ये ३७ डिग्रीला ठेवतात, आणि ज्या पेशीला तो तुकडा ओळखता येतो ती जागी होते. जागी झाली की इंटरफेरॉन गॅमासारखी सायटोकाइन (इतर पेशींना निरोप देणारी प्रोटीन) बनवायला लागते आणि पृष्ठभागावर नवी प्रोटीन आणते. तेच पकडायचं.

इथे तुकडे कसे घालतात ते बघण्यासारखं आहे. आपल्याला आधी माहीत नसतं की या माणसाच्या पेशी प्रोटीनचा कुठला भाग ओळखतात, म्हणून अख्खं प्रोटीन १५-१५ अमिनो आम्लांच्या तुकड्यांत पाडतात आणि प्रत्येक तुकडा मागच्यावर ११ अमिनो आम्लं चढलेला ठेवतात, म्हणजे मधला काही भाग निसटायला नको. कोरोनाच्या स्पाइक प्रोटीनमध्ये १२७३ अमिनो आम्लं आहेत, त्याचे असे साधारण ३१५ तुकडे होतात आणि ते सगळे एकत्र एका ट्यूबमध्ये घालतात. एचएलए काय आहे ते माहीत नसलं तरी चालतं, कारण माणसाच्या स्वतःच्या पेशीच आपापल्या एचएलएमध्ये बसतील ते तुकडे उचलून दाखवतात.

मग टिपायच्याही वेगवेगळ्या तऱ्हा. एलिस्पॉटमध्ये प्लेटच्या तळाला इंटरफेरॉन पकडणारी अँटीबॉडी लावलेली असते, पेशीने सोडलेलं इंटरफेरॉन तिथल्या तिथे अडकतं आणि रंग दिल्यावर एका पेशीचा एक ठिपका उमटतो, ठिपके मोजायचे झालं. फ्लो सायटोमेट्रीत पेशी एकामागून एक लेझरसमोरून जातात, सेकंदाला हजारो, आणि प्रत्येकीवर कुठकुठले रंग चमकले ते मशीन लिहून ठेवतं. सायटोकाइन मोजायची असेल तर ब्रेफेल्डिन नावाचं औषध घालतात म्हणजे पेशीने बनवलेला माल बाहेर जात नाही, आतच साठतो, मग पेशीला भोकं पाडून आत रंग सोडतात. अर्थात पेशी मरते. जिवंत हवी असेल तर पृष्ठभागावरच्या खुणा बघायच्या, सीडी४ पेशींसाठी (मदतनीस टी सेल) सीडी१३७ आणि ऑक्स४० ही जोडी, सीडी८ साठी सीडी१३७ आणि सीडी६९, साधारण २० ते २४ तासांनी. एकाऐवजी दोन खुणा एकदम असलेली पेशीच धरायची हे महत्त्वाचं, कारण एकच खूण उगाचच आलेल्या पेशी खूप असतात, दोन्ही उगाच आलेल्या फार कमी.

प्रश्न: ताई, मी एमएस्सीला आहे. माझ्या प्रोजेक्टमध्ये एका डोनरच्या रक्तात व्हायरसचे पेप्टाइड घातल्यावर ०.०२ टक्के सीडी४ पेशी पॉझिटिव्ह आल्या. पेप्टाइड न घातलेल्या ट्यूबमध्ये ०.०१५ टक्के आल्या. एकूण ६० हजार सीडी४ पेशी गोळा केल्या होत्या दोन्हीकडे. गाइड म्हणतात रिस्पॉन्स आहे, मला खात्री वाटत नाही. काय समजू?

तुझी शंका बरोबर आहे आणि ती सोडू नकोस. टक्के बाजूला ठेव, आधी पेशी मोज. ६० हजारांचे ०.०२ टक्के म्हणजे १२ पेशी. ०.०१५ टक्के म्हणजे ९. तुझा सगळा निकाल तीन पेशींवर उभा आहे. मोजणीत नशिबाने होणारी चूक साधारण आकड्याच्या वर्गमुळाएवढी असते, दोन आकड्यांच्या फरकातली चूक काढायची तर दोघांची बेरीज करून वर्गमूळ, म्हणजे २१ चं, साडेचारच्या पुढे. फरक तीन आणि चूक साडेचार, यावरून आहे असंही म्हणता येत नाही आणि नाही असंही म्हणता येत नाही.

आता तेच टक्के राहू दे आणि १० लाख सीडी४ पेशी गोळा केल्यास असं समज. २०० विरुद्ध १५०. फरक ५०, चूक १९ च्या आसपास. आता बोलण्यासारखं काहीतरी आहे हातात. म्हणजे टक्केवारी अगदी तीच, पण एका ठिकाणी ती पोकळ आहे आणि दुसऱ्या ठिकाणी तिला वजन आहे, म्हणून मला मनापासून वाटतं की विरळ पेशींच्या कुठल्याही निकालात टक्क्यांच्या शेजारी खऱ्या मोजलेल्या पेशींचा आकडा छापलाच पाहिजे, आणि पेप्टाइड नसलेल्या ट्यूबचाही. पेपरमध्ये बॅकग्राउंड (पेप्टाइड न घालताही येणारा आकडा) वजा करून एकच आकडा देतात तेव्हा वाचणाऱ्याला हे काहीच कळत नाही.

रक्त किती लागेल त्याचाही हिशोब आधीच कर. एक मिली रक्तातून फिकॉलवर (पेशी थरांत वेगळ्या करणारा दाट द्रव) साधारण १० ते २० लाख पांढऱ्या एककेंद्रकी पेशी निघतात. १० मिलीतून समज एक कोटी मिळाल्या तर त्यात सीडी८ साधारण २० लाख. शोधायची पेशी दहा हजारांत एक असेल तर २०० आहेत, लाखात एक असेल तर फक्त २०, आणि धुताना सेंट्रीफ्यूज करताना त्यातल्याही काही जातातच. मग कितीही चांगलं मशीन असलं तरी रक्तात जे नाही ते दिसणार नाही. इतक्या विरळ पेशी टेट्रामरने शोधायच्या असतील तर टेट्रामरला चुंबकीय कण लावून आधी कॉलममधून गाळून घेतात, बाकीच्या वाहून जातात, हव्या त्या अडकतात.

आता ती ०.०१५ आली कुठून ते बघ, कारण बॅकग्राउंड कमी करणं हे पेशी वाढवण्याइतकंच कामाचं आहे. पहिला संशय मेलेल्या पेशींवर. मेलेली पेशी कुठलीही अँटीबॉडी धरून बसते, तिच्यावर सगळेच रंग चढतात आणि मशीनला ती पॉझिटिव्ह दिसते. जिवंत-मृत ओळखणारा रंग घातला नसशील तर तो आधी घाल. दुसरं, मोनोसाइट आणि बी सेल, या टी सेल नसलेल्या पांढऱ्या पेशी. त्यांच्या खुणा म्हणजे सीडी१४ आणि सीडी१९, त्यांच्या अँटीबॉडी एकाच रंगात लाव आणि त्या रंगाचं जे काही आहे ते सगळं बाहेर काढ. तिसरं, दोन पेशी एकमेकींना चिकटून लेझरसमोरून गेल्या की मशीनला एकच पेशी वाटते जिच्यावर दोघींचे रंग आहेत, तेही गेटिंगमध्ये (मशीनच्या नोंदीतून हव्या त्या पेशी निवडताना) काढायचं. हे तिन्ही केलंस की बॅकग्राउंड बहुतेक वेळा डोळ्यांना दिसेल इतकं खाली येतं.

ब्रेफेल्डिन कधी घातलंस तेही बघ. पेप्टाइडबरोबर लगेच घातलंस तर चालतं पण अख्खं प्रोटीन वापरत असशील तर नाही, कारण पेशीला ते प्रोटीन आत घेऊन तोडून तुकडे वर आणायचे असतात आणि ब्रेफेल्डिन ती वाहतूकच बंद करतं. बहुतेक लोक तास-दोन तास थांबून घालतात आणि एकूण सहा तासांना थांबवतात. सीडी१५४ (जाग्या झालेल्या सीडी४ पेशीची आणखी एक खूण) बघत असशील तर अजून एक गोष्ट, ते वर येतं आणि शेजारच्या बी सेलच्या सीडी४० ला भेटलं की पुन्हा आत ओढलं जातं, त्यामुळे सीडी४० अडवणारी अँटीबॉडी घालायची किंवा आतून स्टेन करायचं, नाहीतर असलेल्या पेशी नाहीत असं दिसेल.

आणि पॉझिटिव्ह कंट्रोल. एका ट्यूबमध्ये सगळ्यांनाच जागं करणारं काहीतरी घाल, पीएचए किंवा एसईबी. तिथेही काही आलं नाही तर पेशीच दमलेल्या आहेत, त्या दिवशीच्या कुठल्याही निगेटिव्ह निकालाला अर्थ नाही. रक्त घेतल्यावर किती वेळाने प्रोसेस केलंस ते लिहिलेलं नाहीस. हेपरिनच्या ट्यूबमधलं रक्त रूम टेंपरेचरला ठेवायचं, फ्रीजमध्ये नाही, आणि त्याच दिवशी काही तासांत फिकॉलवर घालायचं. रात्रभर पडून राहिलं की ग्रॅन्युलोसाइट पांढऱ्या थरात मिसळतात आणि टी सेलचा रिस्पॉन्स दाबतात.

गाइडना हे सांगताना भांडण नको, तीन पेशींचा हिशोब कागदावर करून दाखव आणि त्याच डोनरकडून जास्त रक्त मिळेल का ते विचार.

प्रश्न: मी आणि माझ्या सख्ख्या भावाने एका संशोधनासाठी रक्त दिलं, दोघांना एकच लस एकाच दिवशी. त्याच्या रक्तात टेट्रामरने पेशी सापडल्या, माझ्या रक्तात नाही म्हणाले. माझी लस वाया गेली का?

एवढ्यावरून असं मुळीच म्हणता येत नाही. टेट्रामर हा ठराविक एचएलए आणि ठराविक पेप्टाइडचा बनवलेला असतो. सगळ्यात जास्त टेट्रामर एचएलए-ए-०२०१ या प्रकाराचे वापरतात कारण तो बऱ्याच लोकांमध्ये असतो, पण तुमच्यात तो नसेल तर तुमच्या पेशी त्या टेट्रामरला चिकटणारच नाहीत, मग त्या कितीही असोत. सख्ख्या भावंडांतही एचएलए पूर्ण जुळायची शक्यता चारात एकच असते. तुमच्या पेशी व्हायरसचे दुसरे तुकडे तुमच्या एचएलएमध्ये बघत असतील. तुकड्यांचं मिश्रण घालून केलेली टेस्ट असेल तर तिचा निकाल विचारा, त्याला एचएलए आडवा येत नाही.

प्रश्न: माझी अँटीबॉडी टेस्ट वर्षभराने निगेटिव्ह आली. टी सेलची टेस्ट बाहेर करून घेऊ का?

अँटीबॉडी उतरल्या म्हणजे टी सेल गेल्या असं नसतं. २००३ च्या सार्स साथीत आजारी पडून बरे झालेल्या लोकांच्या रक्तात १७ वर्षांनी, म्हणजे २०२० मध्ये तपासलं तेव्हा त्या व्हायरसचं एन प्रोटीन ओळखणाऱ्या टी सेल सापडल्या. देवीच्या लसीनंतरच्या टी सेल तर कित्येक दशकं टिकलेल्या दिसल्यात, त्यांची संख्या निम्मी व्हायला ८ ते १५ वर्षं लागतात असं मोजलंय.

पण टेस्ट करून घ्यावी का, तर माझं मत नाही. कारण आकडा आला तरी त्याचं करायचं काय हे ठरलेलं नाही, किती पेशी असल्या की माणूस सुरक्षित अशी सर्वमान्य रेषा नाहीये. शिवाय रक्तात शरीरातल्या एकूण लिम्फोसाइटपैकी दोन टक्क्यांच्या आसपासच असतात, बाकीच्या लिम्फ नोड, प्लीहा, आतडी, फुप्फुसं अशा ठिकाणी बसलेल्या असतात आणि फुप्फुसातल्या काही पेशी तर तिथून हलतच नाहीत, त्या रक्ताच्या ट्यूबमध्ये कधी येणारच नाहीत. प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील किंवा ट्रान्सप्लांट झालं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे तुमचे डॉक्टर विचार करून सांगतील.

याच तत्त्वावरची एक टेस्ट मात्र रोजच्या वापरात आहे, टीबीची इंटरफेरॉन गॅमा टेस्ट. तिथे व्हायरस नाही बॅक्टेरिया आहे, पण काम तेच, तुकडे घाला आणि इंटरफेरॉन येतं का बघा, आणि तिच्यातही काहीच न घातलेली एक ट्यूब आणि सगळ्यांना जागं करणारी एक ट्यूब असतेच.

प्रश्न: वडिलांच्या रिपोर्टमध्ये सीएमव्हीला ओळखणाऱ्या पेशी खूप जास्त आहेत असं आलं. काळजीचं आहे का?

सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस) एकदा शिरला की आयुष्यभर शरीरात लपून राहतो आणि अधूनमधून डोकं वर काढतो, त्यामुळे त्याच्या पेशी वय वाढेल तशा साठत जातात. ज्यांना हा व्हायरस होऊन गेलाय अशा निरोगी लोकांतही रक्तातल्या स्मृती टी सेलपैकी सरासरी १० टक्के या एकाच व्हायरससाठी राखलेल्या असतात. नुसता हा आकडा म्हणजे आजार नाही.

प्रश्न: एवढं शोधून पेशंटला काही उपयोग होतो का, की फक्त पेपर छापायला?

होतो, आणि मला या विषयात सगळ्यात जास्त जीव लावावासा वाटतो तो इथेच. बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालेल्या पेशंटची प्रतिकारशक्ती पुन्हा उभी राहायला महिने लागतात आणि त्या काळात सीएमव्ही, एप्स्टीन-बार, ॲडिनोव्हायरस हे एरवी गप्प असणारे व्हायरस जीवावर उठतात. अशा वेळी डोनरच्या रक्तातून नेमक्या त्या व्हायरसच्या टी सेल काढून पेशंटला द्यायच्या. सीएमव्हीसाठी हे सिएटलमधल्या स्टॅन्ली रिडेल आणि फिलिप ग्रीनबर्ग यांच्या गटाने १९९२ मध्ये करून दाखवलं, तेव्हा पेशी कित्येक आठवडे कल्चरमध्ये वाढवाव्या लागत होत्या. आता इंटरफेरॉन पेशीच्या पृष्ठभागावरच अडकवायची युक्ती आहे, पेशीवर आधीच एक अशी अँटीबॉडी चढवतात जी एका हाताने पेशीला धरते आणि दुसऱ्या हाताने बाहेर पडणारं इंटरफेरॉन पकडते, मग त्याला चुंबकीय कण लावून पेशी जिवंत वेगळ्या काढता येतात, आणि हे सगळं दीड-दोन दिवसांत होतं. एप्स्टीन-बारमुळे ट्रान्सप्लांटनंतर होणाऱ्या लिम्फोमासारख्या आजारासाठी टॅबेलेक्ल्यूसेल हे याच जातीचं तयार पेशी-औषध युरोपियन युनियनमध्ये डिसेंबर २०२२ मध्ये मंजूर झालं.

अडचण अशी की डोनरला तो व्हायरस कधी झालाच नसेल तर त्याच्या रक्तात या पेशी इतक्या थोड्या असतात की काढून काम भागत नाही. म्हणून डोनरची सीएमव्ही अँटीबॉडी टेस्ट आधीच बघून ठेवतात आणि ती निगेटिव्ह असेल तर तिसऱ्याच कोणाच्या, एचएलए निदान थोडा जुळणाऱ्या डोनरच्या, आधीच काढून गोठवून ठेवलेल्या पेशी वापरतात.